दोन लांब, एक आखूड

वाघोली,
८ मार्च २०२५

चि. तनुजा,

आशीर्वाद. फोन न करता मेल लिहिते आहे, कारण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाशी तरी इंग्रजीत बोलतेस. लिहिलेलं समोर राहतं.

पेट्या बंद आहेत. सगळ्या.

दोन वर्षांपूर्वी वसतिगृहातल्या अंध मुलींसाठी तू त्या बनवून दिल्यास. प्लायची पेटी, आत तळहाताएवढा कॉम्प्युटर, वर चार मोठी बटणं: पुढे, मागे, थांब, खूण. आम्ही इथे माझ्या वरच्या खोलीत पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, मेमरी कार्डावर भरायची, कार्ड पेटीत घालायचं, की पेटी वाचायला लागते. काम चांगलं केलं होतंस. हे मी तेव्हाही एकदा म्हटलं होतं.

जुनी कार्डं झिजली. वाचता वाचता अडखळायला लागली, म्हणून सगळीच बदलायचं ठरवलं. बुधवार पेठेत गेले.

"बत्तीस जीबीचं आहे का?"

"बत्तीस आता कोणी घेत नाही, बाई."

"मी घेते."

"तुम्ही एकट्या." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चौसष्टची घेतली. घरी येऊन नेहमीसारखी लॅपटॉपवर पुसून घेतली. नवं पातेलं घासल्याशिवाय मी चुलीवर ठेवत नाही, तसंच हे. मग तू दिलेल्या सूचनांच्या कागदात लिहिल्याप्रमाणे सगळ्या फाइली भरल्या. जुनी कार्डं त्याच दिवशी कात्रीने कापून टाकली. जुनं आणि नवं एका डबीत राहिलं की घोळ होतो.

आता नवं कार्ड घातलं की पेटीचा लाल दिवा लागतो. हिरवा दिवा दोनदा लांब लुकलुकतो, एकदा आखूड, थांबतो, आणि पुन्हा तेच. दोन लांब, एक आखूड. प्रत्येक पेटीत हेच. हा दिवा झाकण काढल्याशिवाय दिसत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्या पेटीने दिव्याने बोलावं, हा तुमच्या धंद्यातला विनोद असेल. तेच कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं की प्रत्येक फाइल दिसते, वाजतेसुद्धा.

घाई कशासाठी ते सांगते. तिथे अपेक्षा नावाची मुलगी आहे, वाशिमकडची, दुसऱ्या वर्षाला. मागच्या वर्षी राज्यशास्त्रात राहिली. एका विषयात दुसऱ्यांदा राहिलं की खोली सोडायची, असा वसतिगृहाचा नियम आहे. पेपर सतरा एप्रिलला. मोबाइल रात्रीचा तासभर मिळतो, बाकी वेळ रेक्टरबाईंच्या कपाटात. त्यामुळे पेटी हेच तिचं पुस्तक. काल मला म्हणाली, "मॅडम, माझी पेटी काहून बोलून नाही राहिली?"

तिला काय उत्तर देऊ, ते कळव.

द्वारकाआत्या


हिंजवडी,
११ मार्च २०२५

आदरणीय द्वारका आत्या,

आपल्या सविस्तर पत्राबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. पेट्या बंद असल्यामुळे आपल्याला होणारा त्रास मी समजू शकते.

अशा समस्येमागे बहुधा अपुरा वीजपुरवठा किंवा निकृष्ट दर्जाचे कार्ड असते. कृपया प्रथम चार्जर बदलून पाहावा. त्यानंतर कार्ड काढून पुन्हा नीट बसवावे. तरीही समस्या राहिल्यास नामांकित कंपनीचे नवे कार्ड घेऊन त्यावर फाइली पुन्हा भराव्यात.

आपल्या स्तुत्य उपक्रमास शुभेच्छा. आणखी काही मदत हवी असल्यास अवश्य कळवावे.

आपली,
तनुजा


वाघोली,
१५ मार्च २०२५

चि. तनुजा,

तू सांगितलंस ते सगळं केलं. चार्जर बदलला. कार्ड काढून घालून माझी नखं तुटली. पुन्हा बुधवार पेठेत गेले. दगडूशेठपाशी नेहमीची गर्दी होती, त्यातून वाट काढत दुकान गाठलं आणि महागातलं कार्ड मागितलं. दुकानदाराने विचारलं, "परवाच्या कार्डाला काय झालं?" मी म्हटलं, "तेच विचारायला आले." त्याने त्याच्या कॉम्प्युटरमध्ये घालून दाखवलं. दिसतंय, वाजतंय. "बाई, कार्ड ठणठणीत आहे. तुमच्या पेटीला दाखवा कोणाला तरी." म्हणजे तू म्हणतेस कार्ड खराब, तो म्हणतो पेटी खराब, आणि मी रिक्षात.

महागाचं कार्डही पुसून, भरून घातलं. दोन लांब, एक आखूड.

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. एकच गोष्ट एकसारखी, ठरावीक पद्धतीने घडत असेल तर तिला कारण असतं, हे मी आठवीच्या पोरांना सांगत आले. खराब कार्ड कधी चालेल, कधी अडेल. हे दर वेळी त्याच तालात अडतं. मळ्यातल्या विहिरीत परवा हत्ती पडला, क्रेन आणूनही निघाला नाही, त्यात एक दिवस गेला. त्या दिव्याचा अर्थ काय, एवढंच मला सांग.

तोवर मी रोज दुपारी वसतिगृहात जाऊन अपेक्षाला पुस्तक वाचून दाखवते. श्रद्धा आणि बाकीच्या मुलीही येऊन बसतात. पण प्रत्येकीचा विषय वेगळा आणि माझा गळा एक. काल तिसऱ्या प्रकरणाशी आवाज बसला. अपेक्षा म्हणाली, "राहू द्या मॅडम, पेटी सुरू होईल तेव्हा ऐकतो." समजूतदार पोर आहे. मला तिचा समजूतदारपणा नको, तिचा पेपर हवा.

आणखी एक. तू मला 'आदरणीय' आणि 'आपण' म्हणायला कधीपासून लागलीस? दिवाळीत मी तुझ्या नोकरीला 'लोकांच्या तक्रारींना गोड बोलून वाटेला लावायचं यंत्र' म्हटलं, त्याचा राग असेल तर सरळ सांग. तो शब्द मी परत घेणार नाही, पण राग समजून घेईन.

द्वारकाआत्या


हिंजवडी,
१६ मार्च २०२५

आदरणीय द्वारका आत्या,

आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार. विहिरीतील हत्तीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे.

लॅपटॉपवर फाइली व्यवस्थित दिसत असल्यास कार्ड योग्य आहे असे मानता येईल. अशा वेळी कार्ड पुन्हा एकदा पूर्णपणे फॉरमॅट करून फाइली नव्याने भराव्यात. तरीही समस्या राहिल्यास पेटीतील बोर्ड बदलण्याचा विचार करावा.

आपल्या समाधानासाठी मी सदैव तत्पर आहे.

आपली,
तनुजा


वाघोली,
१७ मार्च २०२५

तनुजा,

आपल्या विहिरीत हत्ती पडलेला नाही. विहिरीत पाणीही नाही. मळाच उरला नाही, तिथे सोसायटी होऊन सात वर्षं झाली, आणि तिच्या पायाभरणीला तू पेढे खाल्ले आहेस.

वर्गात टिपणं उतरवून देताना मी मध्येच एखादं खुळं वाक्य घालायची. जी मुलं मान खाली घालून तेही लिहून घ्यायची, ती ऐकत नव्हती हे कळायचं. तू तर त्याहून पुढे गेलीस. तू हत्तीबद्दल दिलगिरी व्यक्त केलीस.

ही पत्रं तू लिहिलेली नाहीस. आमच्या घरात 'आपल्या समाधानासाठी तत्पर' कोणी नाही. तुझा बाप चार पिढ्यांचा आढावा घेतल्याशिवाय चहा प्यायला बस म्हणत नाही, आणि मी कशी आहे ते तुला माहीत आहे. माझी पत्रं तुमच्या त्या तक्रारीच्या यंत्रात जातात, त्याचा सारांश निघतो आणि सारांशाला उत्तर येतं. असं नसेल तर तसं कळव, मी माफी मागेन.

आता आमच्या खोलीचा नियम ऐक. इथे वाचायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते: छापलंय ते सगळं वाचायचं. तक्ता असेल तर तक्ता, तळटीप असेल तर तळटीप. कंटाळा आला तर थांबा, पाणी प्या, पण गाळू नका. कारण डोळस माणसाने पान उलटलं तर त्याला कळतं की आपण काहीतरी सोडलं. ऐकणाऱ्याला गाळलेलं कधीच कळत नाही. तिला वाटतं पुस्तक एवढंच आहे. मागच्या वर्षी एका वाचकाने राज्यशास्त्राच्या पुस्तकातले तक्ते 'नंतर वाचू' म्हणून सोडले आणि सांगितलं नाही. अपेक्षा त्यात राहिली. पेपरातले प्रश्न कुठून आले हेच तिला कळलं नाही. म्हणाली, "मॅडम, हे पुस्तकात होतं?"

ते पुस्तक मी नव्याने, सगळ्या तक्त्यांसकट वाचून घेते आहे. मी ते भरायचं कशात?

माझ्या पत्रातलं काय गाळलं गेलं, ते मला माहीत नाही. तुलाही नाही, हेच मोठं आहे. पहिलं पत्र काढ. स्वतःच्या डोळ्यांनी वाच. सगळं.

बोर्ड बदलणार नाही. बोर्ड खोटं बोलत नाहीये.

द्वारका


हिंजवडी,
१७ मार्च २०२५, संध्याकाळ

आत्या,

सॉरी. ते यंत्रच होतं. आमच्या टीमनेच बनवलंय, आणि मी ते माझ्या स्वतःच्या इनबॉक्सला जोडून ठेवलं होतं. मेल आला की ते तीन ओळींत सांगतं, उत्तर तयार करतं, मी बटण दाबते. तुझ्या पहिल्या पत्राचा सारांश होता: 'पेट्या चालत नाहीत, नवी कार्डं घेतली, परीक्षा जवळ.' हिरवा दिवा त्यात नव्हता. कापलेली कार्डं नव्हती. 'काहून बोलून नाही राहिली' तर नव्हतंच. कारण देणार नाही. दिलं तरी तू लाल पेन घेऊन बसशील.

आता पत्र वाचलं. सगळं. उत्तर पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस.

त्या बोर्डाला वीज मिळाली की आतला एक अगदी छोटा, कायमचा बसवलेला प्रोग्रॅम आधी जागा होतो. कार्डावरच्या पहिल्या भागातून सुरुवातीच्या फाइली उचलायच्या, एवढंच त्याचं काम. पण कार्डावर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात आणि त्याला एकच वाचता येते, ती जुनी फॅट-३२. बत्तीस जीबीपर्यंतची कार्डं लॅपटॉपवर पुसली की आपोआप त्याच पद्धतीने मांडली जायची. त्यावरच्या मापाला लॅपटॉप आपोआप नवी पद्धत लावतो, एक्सफॅट. लॅपटॉपला दोन्ही येतात, म्हणून तुला आणि दुकानदाराला सगळं दिसत होतं. बोर्डाला झोपेतून उठताना काहीच दिसत नव्हतं. एकदा पूर्ण जागा झाला की तोही नवी पद्धत वाचतो, पण तिथवर पोचतच नव्हता.

आणि दिवा. बनवणाऱ्यांनी दिव्याच्या खुणांचा अर्थ छापून ठेवलाय. दोन लांब, एक आखूड: पहिला भाग फॅट पद्धतीचा नाही. शब्दशः एवढंच. पेटी दहा दिवस नेमकं हेच सांगत होती, तू ते मला लिहून पाठवत होतीस, आणि मी तुला चार्जर बदलायला लावत होते.

कार्ड पुसलंस ही चूक नाही. पुसलं नसतंस तरी दुकानातून ते त्याच नव्या पद्धतीचं आलं होतं. चूक माझ्या त्या कागदात आहे. मी लिहिलं, 'फॉरमॅट करून फाइली भर.' कोणत्या पद्धतीने, ते लिहिलंच नाही, कारण तेव्हा लिहावं लागत नव्हतं.

आता कार्डाचे दोन भाग करायचे. पहिला छोटासा, अर्ध्या जीबीचा, फॅट-३२. त्यात फक्त सुरुवातीच्या फाइली. उरलेला मोठा भाग एक्सफॅट, त्यात पुस्तकं. लॅपटॉपमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' म्हणून खिडकी आहे, त्यात हे होतं. चित्रांसकट पायऱ्या जोडल्या आहेत, मी स्वतः एका कार्डावर करून पाहिल्यात. पुस्तकं दुसऱ्या भागात शोधायची, एवढा बदल केलेली फाइलही जोडली आहे. अडलीस तर फोन कर. मी दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही.

तुझी तनुजा


वाघोली,
२० मार्च २०२५

चि. तनुजा,

पायऱ्या वाचल्या. चौथ्या चित्रात बाण चुकीच्या चौकोनावर आहे. तिथे मी थांबले, नाहीतर लॅपटॉपचीच डिस्क पुसली गेली असती. दुरुस्त करून ठेव.

बाकी बरोबर. पहिलं कार्ड केलं. पेटीत घातलं. लाल दिवा लागला. हिरवा या वेळी कसाही, घाईघाईने, बिनतालाचा लुकलुकला. मी म्हटलं, गेलं हेही. आणि पेटीतून माझाच आवाज आला: "प्रकरण पहिलं." स्वतःच्या आवाजाने इतकी दचकेन असं वाटलं नव्हतं.

पेटी घेऊन लगेच वसतिगृहात गेले. अपेक्षाने बटणावर बोट ठेवलं, एक वाक्य ऐकलं, थांबवलं. म्हणाली, "मॅडम, हा तुमचा जुना आवाज हाय. आता तर तुमचा बसला." मी म्हटलं, "तुझ्यामुळेच बसला. आता पुढे ऐक." ती हसली नाही. लगेच कानाला लावून बसली. तेच बरं.

राहिलेली कार्डं दोन दिवसांत होतील. पुसायची सवय मी सोडणार नाही, पण आता पहिला भाग कशाचा आहे ते आधी बघते. तुझ्या कागदावर ती ओळ मी शाईने लिहिली आहे. कागद भिंतीला आहे.

आता तुझं.

राज्यशास्त्राचं चौथं प्रकरण अजून वाचून व्हायचं आहे. पंचायत राज. पानापानावर तक्ते: कोणत्या समितीने कधी काय सुचवलं, कोणत्या पातळीवर किती सदस्य. माझ्या घशाला डॉक्टरांनी आठवडाभर बंदी घातली आहे. बाकी वाचकांच्या स्वतःच्या परीक्षा आहेत.

तू येऊन वाचायचंस. मशीनचा आवाज चालणार नाही. तो तक्ता एका दमात वाचतो आणि कोणता आकडा कशाचा हे ऐकणारीला कळत नाही. ओळ सांगायची, रकाना सांगायचा, थांबायचं, मग आकडा. तळटिपा सगळ्या. शनिवारी सकाळी ये. हिंजवडीहून वाघोलीला यायला अडीच तास लागतात, हे मला माहीत आहे. लवकर नीघ.

हे पत्र सारांशात गेलं तर शनिवारी कळेलच.

द्वारकाआत्या


हिंजवडी,
२४ मार्च २०२५

आत्या,

घरी पोचले. येताना तीन तास दहा मिनिटं. खराडी बायपासला बाहेर पडून चालावं असं वाटलं.

खरं सांगू? पहिल्या तासाला तुझा राग आला होता. तू तेच पान चार वेळा वाचायला लावलंस. "रकाना सांगितला नाहीस." "आता आकडा गिळलास." कंपनीत मला असं कोणी बोलत नाही. दुसऱ्या तक्त्यानंतर लक्षात आलं की मी शेवटचं एखादं पान पूर्ण, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत कधी वाचलं, ते मला आठवत नाही. माझं कामच लोकांचं वाचन वाचवायचं, म्हणजे न वाचायचं आहे.

इनबॉक्सचं ते जोडलेलं काढून टाकलंय. आता मेल साचलेत ढीगभर. रोज थोडे वाचते. एकात बाबांनी मागच्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला कोणती तारीख जमेल, ते विचारलं होतं. यंत्राने त्यांना 'आपल्या दृष्टीस शुभेच्छा' कळवल्या होत्या. त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. आज फोन केला.

तनुजा

ता. क. चौथ्या चित्रातला बाण सरळ केलाय.


वाघोली,
२६ मार्च २०२५

चि. तनुजा,

दादाने तुला काही म्हटलं नाही, मला म्हटलं. "पोरगी फार सभ्य झाली," म्हणाला. तारीख दोन एप्रिल आहे. ये.

तुझं प्रकरण ऐकलं. तिसऱ्या तक्त्यात एक तळटीप राहिली आहे. तेवढी फोनवर रेकॉर्ड करून पाठव, मी जोडते. बाकी चालेल.

द्वारकाआत्या


वाघोली,
१४ जून २०२५

चि. तनुजा,

निकाल लागला. राज्यशास्त्रात अपेक्षाला बावन्न. खोली राहिली.

रेक्टरबाईंनी फोनवर सांगितलं. मी स्वतः जाऊन तिला विचारलं, "बावन्नच का?" ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पेढे नाही आणले काय?" आणले नव्हते. परत जाऊन आणले.

सुट्टीत पेट्या तपासायला घेतल्या आहेत. तिच्या पेटीत, पुन्हा ऐकायच्या जागी तिने दाबलेल्या खुणेच्या बटणाच्या नोंदी पाहिल्या. माझ्या प्रकरणांत एक-दोन. तुझ्या चौथ्यात तक्त्यापाशी इतक्या की मला वाटलं बटण अडकलं. अडकलं नव्हतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "त्या ताई कोण होत्या? आकड्याच्या आधी थांबून राहिल्या होत्या. मला वाटलं, त्याही माझ्यासारख्या पहिल्यांदाच समजून घेऊन राहिल्या." मी म्हटलं, "हो, तसंच होतं."

पुढच्या वर्षासाठी अर्थशास्त्र नवीन आलं आहे. त्यात आलेख आहेत. आलेख आवाजाने कसा वाचायचा, हे मला अजून जमलेलं नाही, तुलाही जमणार नाही. दोघींनी बसून ठरवू. शनिवारी सकाळी.

येताना सोसायटीच्या मागच्या बाजूने ये. हत्ती अजून विहिरीतच आहे, बघून घे.

द्वारकाआत्या